खिडकी आपली, चौकट कुणाची?

मराठी माणसाला आवडीनिवडी नाहीत असे कोणी म्हणू नये. चहा कोणत्या कंपनीचा, हापूस देवगडचा की रत्नागिरीचा, मिसळ कोल्हापूरची की पुण्याची, सकाळी दारात पडणारा पेपर कोणता, या प्रत्येक प्रश्नावर त्याचे ठाम मत असते आणि ते तो न विचारताही सांगतो. मात्र ज्या एका खिडकीतून तो बँकेचे खाते, रेल्वेचे तिकीट, शेताचा सातबारा आणि मुलाचा प्रवेश अर्ज पाहतो, तिच्याबद्दल विचारले की तो गप्प होतो. इंटरनेटवरची पाने उघडण्यासाठी तुम्ही हाच ब्राउझर का वापरता, हा प्रश्न मी ओळखीपाळखीच्या मंडळींना बरीच वर्षे विचारत आलो आहे. उत्तरे साधारण चार प्रकारची मिळतात. ‘तोच होता’, ‘मुलाने टाकून दिला’, ‘ऑफिसात तोच चालतो’ आणि ‘ब्राउझर म्हणजे? गूगलच ना?’

शेवटच्या उत्तराला कोणी हसू नये. २००९ साली गूगलच्याच लोकांनी न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये येणाऱ्या-जाणाऱ्यांना ‘ब्राउझर म्हणजे काय’ असे विचारले होते. नीट उत्तर देणारे शंभरात आठही निघाले नाहीत. बहुतेकांनी शोधयंत्राचे नाव सांगितले. तेव्हा हे अज्ञान काही आपल्याकडचे खास नव्हे.

मग लोक एक ब्राउझर सोडून दुसरा का पसंत करतात? जाणकार म्हणतील, वेग, सोय, सुरक्षितता. ही उत्तरे खोटी नाहीत, पण अपुरी आहेत. माझे म्हणणे असे, की बहुतेक वेळा आपण ब्राउझर पसंत करतच नाही. तो आपल्या हाती दिला जातो, हात त्याला सरावतो आणि या सरावालाच आपण पुढे आवड म्हणू लागतो. खरी निवड क्वचित होते, आणि ती का होते हे पाहण्यासारखे आहे. कारण ब्राउझरच्या तीसहून अधिक वर्षांच्या इतिहासात सामान्य माणसाचे भले झाले ते अशा क्वचित घडलेल्या निवडींमुळेच.

हा इतिहास थोडक्यात सांगतो. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत पहिला ब्राउझर तयार केला. तो वापरणारे बहुतेक शास्त्रज्ञच होते. १९९३ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात मार्क अँड्रीसन आणि एरिक बीना यांनी ‘मोझॅक’ केला आणि मजकुरासोबत चित्रेही एकाच पानावर दिसू लागली. अँड्रीसन यांनी पुढे जिम क्लार्क यांच्याबरोबर काढलेल्या कंपनीचा ‘नेटस्केप नॅव्हिगेटर’ १९९४च्या डिसेंबरात आला आणि वर्ष-दोन वर्षांत इंटरनेट म्हणजे नेटस्केप असे समीकरण होऊन बसले. आपल्याकडे विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा मोडेमची ती किरकिर ऐकत अनेकांनी जे पहिले पान पाहिले ते नेटस्केपमध्येच.

त्याच महिन्यात मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज ९५’ बाजारात आणली आणि पाठोपाठ ‘इंटरनेट एक्स्प्लोरर’ फुकट द्यायला सुरुवात केली. नेटस्केप व्यापारी वापरासाठी पैसे घेत असे. पण केवळ फुकट आहे म्हणून एक्स्प्लोरर जिंकला असे नाही. नवा संगणक सुरू करताच त्याचे चिन्ह समोर असे, हे अधिक महत्त्वाचे ठरले. या जागेची किंमत मायक्रोसॉफ्टला पुरती ठाऊक होती. १९९६ साली कॉम्पॅक या संगणक बनविणाऱ्या कंपनीने आपल्या काही यंत्रांवरून एक्स्प्लोररचे चिन्ह काढून टाकले, तेव्हा विंडोजचा परवानाच काढून घेण्याची धमकी तिला मिळाली आणि चिन्ह मुकाट्याने परत आले. अमेरिकी सरकारने मे १९९८मध्ये मायक्रोसॉफ्टवर जो खटला भरला त्यात न्यायमूर्ती थॉमस पेनफील्ड जॅक्सन यांनी नोव्हेंबर १९९९मध्ये नोंदवलेल्या निष्कर्षांत ही हकीगत आहे. कंपनीचे दोन तुकडे करण्याचा त्यांचा आदेश २००१ साली वरच्या न्यायालयाने रद्द केला, मात्र मक्तेदारी टिकवण्यासाठी बेकायदा मार्ग वापरल्याचा ठपका कायम ठेवला. तोवर नेटस्केपचा खेळ संपला होता.

एका चिन्हाची ही ताकद कशात आहे? माणसाच्या आळशीपणात, असे म्हणणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. विल्यम सॅम्युअलसन आणि रिचर्ड झेकहाउझर या दोघा अभ्यासकांनी १९८८ साली दाखवून दिले, की माणसे जे चालू आहे तेच पुढे चालू ठेवण्याकडे झुकतात, मग पर्याय बरा असो वा नसो. २००३ साली एरिक जॉन्सन आणि डॅनियल गोल्डस्टाइन यांनी अवयवदानाची आकडेवारी मांडली. जर्मनीत दात्याने स्वतः होकार नोंदवावा लागे, तेथे प्रमाण १२ टक्के. शेजारच्या ऑस्ट्रियात नकार नोंदवला नाही तर होकार समजत, तेथे ते ९९ टक्क्यांहून अधिक. भाषा एक, सीमा एक. फरक इतकाच, की कागदावर आधीच काय गृहीत धरले आहे. अवयवदानासारख्या जिव्हाळ्याच्या गोष्टीत असे होत असेल, तर ब्राउझरची काय कथा!

आणि आपल्या या स्वभावाला बाजारात रोख किंमत आहे. गूगलवरील खटल्यात जी कागदपत्रे उघड झाली त्यांनुसार, अ‍ॅपलच्या ‘सफारी’ ब्राउझरमध्ये शोधासाठी आधीपासून गूगल बसवलेले असावे, एवढ्यासाठी २०२२ या एका वर्षात गूगलने अ‍ॅपलला २० अब्ज डॉलर दिले. ज्याला हवे त्याने तेथे दुसरे शोधयंत्र बसवावे, कोणाची आडकाठी नाही. दोन-चार बटणे दाबण्याचे काम. लोक ही बटणे दाबणार नाहीत, या विश्वासाची ही किंमत आहे. ब्राउझर आपल्याला फुकट का मिळतो, या प्रश्नाचे उत्तरही येथेच आहे. ज्याची खिडकी त्याला असे भाडे भरावे लागत नाही.

सवयीबरोबर सक्तीचाही विचार करायला हवा, कारण आपल्याकडची एक्स्प्लोररची ‘आवड’ पुष्कळशी सक्तीची होती. याचे एक कारण खास मराठी आहे. १९९०च्या दशकाअखेरीस आणि पुढची काही वर्षे मराठी वृत्तपत्रे इंटरनेटवर येऊ लागली ती प्रत्येकाच्या वेगळ्या टंकात. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांच्या आकृत्या बसवलेल्या असत आणि पान उघडताना तो टंक आपोआप उतरून घेण्याची युक्ती केलेली असे. मायक्रोसॉफ्टची युक्ती निराळी आणि नेटस्केपची निराळी. बाजार एक्स्प्लोररने काबीज केल्यावर अनेक संकेतस्थळांनी दुसरीकडे लक्षच दिले नाही. परिणामी न्यू जर्सीत किंवा दुबईत बसून गावाकडची बातमी वाचू पाहणाऱ्या मराठी माणसाला एक्स्प्लोररमध्ये बातमी दिसे आणि अन्यत्र इंग्रजी अक्षरांची व चिन्हांची खिचडी. त्याने कोणता ब्राउझर पसंत करावा? मायबोलीवरच्या प्रेमापोटी त्याने मायक्रोसॉफ्टची कास धरली.

ही कोंडी फुटली ती युनिकोडमुळे. देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला जगभर एकच संकेतांक. ही व्यवस्था कागदावर १९९१पासून होती, पण ती पडद्यावर उतरायला वेळ लागला. ‘विंडोज २०००’सोबत जो ‘मंगल’ टंक आला तो आपल्या र. कृ. जोशींनी रेखाटलेला. ‘विंडोज एक्सपी’वरही मराठी नीट दिसण्यासाठी वेगळी सोय चालू करावी लागे आणि त्यासाठी मूळ तबकडी शोधत बसावे लागे. पण एकदा युनिकोड रुळल्यावर मराठी पान कोणत्याही ब्राउझरमध्ये दिसू लागले. खुले, सर्वांना समान असे मानक आले की निवड शक्य होते. मानक नसेल तर निवडीची भाषा पोकळ आहे.

सरकारी कामकाजाची गत याहून वाईट होती. ‘हे संकेतस्थळ इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये उत्तम दिसते’ अशी तळटीप वर्षानुवर्षे वाचल्याचे अनेकांना आठवत असेल. ‘उत्तम’ हा विनय होता. दुसरीकडे ते चालतच नसे. एका कार्यालयाच्या संकेतस्थळावर डिजिटल सहीनिशी अर्ज भरण्यासाठी मला एका परिचिताचा जुना संगणक शोधत शहराच्या दुसऱ्या टोकाला जावे लागले होते, कारण आवश्यक तो जुना ब्राउझर माझ्या यंत्रावर उरला नव्हता. दक्षिण कोरियाने तर हा प्रकार कायद्याच्याच पातळीवर नेला. १९९०च्या दशकाअखेरीस तेथे ऑनलाइन व्यवहारांसाठी जी प्रमाणपत्र पद्धती आली, ती मायक्रोसॉफ्टच्या ‘अ‍ॅक्टिव्हएक्स’ तंत्रावर विसंबून होती. परिणामी इंटरनेटचा वेग जगाला हेवा वाटावा असा, पण बँकेचे काम करायचे तर एक्स्प्लोररच. त्या प्रमाणपत्राचे विशेष स्थान संपायला २०२०चा डिसेंबर उजाडावा लागला.

आता दुसरी बाजू. लोक कधीच बदलत नाहीत असे म्हटले तर इतिहास खोटा पडेल. लोक बदलतात, पण जे हाती आहे ते टोचू लागल्यावर. एक्स्प्लोररची सहावी आवृत्ती ऑगस्ट २००१मध्ये आली, तेव्हा बाजारातला ९० टक्क्यांहून अधिक हिस्सा त्याच्याकडे जायच्या वाटेवर होता. प्रतिस्पर्धी उरला नव्हता. मग सातवी आवृत्ती कधी आली? ऑक्टोबर २००६मध्ये. संगणकाच्या दुनियेत पाच वर्षे म्हणजे एक युग. या काळात न बोलावता उघडणाऱ्या जाहिरातींनी आणि विषाणूंनी वापरणाऱ्यांना भंडावून सोडले. नेटस्केपच्या राखेतून उठलेल्या मोझिला संस्थेने ९ नोव्हेंबर २००४ रोजी ‘फायरफॉक्स’ आणला. तो या जाहिराती अडवत असे आणि एकाच खिडकीत अनेक पाने उघडू देत असे. हजारो लोकांनी वर्गणी काढून डिसेंबरात ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये त्याची दोन पानी जाहिरात दिली. वापरणाऱ्यांनी पदरमोड करून एखाद्या ब्राउझरची जाहिरात करावी, हे तोवर कधी घडले नव्हते.

गूगलचा ‘क्रोम’ २ सप्टेंबर २००८ रोजी आला तोही असाच एक काटा काढत. एक पान अडकले की सगळा ब्राउझर बंद पडे. क्रोमने प्रत्येक पानाला स्वतंत्र चूल मांडून दिली. एकीचे दूध उतू गेले तरी बाकीच्यांचा स्वयंपाक चालू. वेग तर डोळ्यांना दिसत होता. २०१२ साली जागतिक वापरात त्याने एक्स्प्लोररला मागे टाकले, आणि हे यश निव्वळ फसवणुकीचे होते असे म्हणणे कद्रूपणाचे ठरेल.

भारतात काटा वेगळा होता. येथे खिसा टोचत होता. टू-जीच्या दिवसांत एकेका मेगाबाइटचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाला नॉर्वेच्या कंपनीचा ‘ऑपेरा मिनी’ भावला, कारण तो पान आधी आपल्या सर्व्हरवर मागवून, त्याची घडी करून मग फोनवर पाठवी. साध्या बटणांच्या फोनवरही तो चाले. पुढे चीनचा ‘यूसी ब्राउझर’ याच गुणावर, शिवाय अर्धवट राहिलेली फाइल पुन्हा तेथूनच पुढे उतरवण्याच्या सोयीवर, आपल्याकडे घरोघरी पोहोचला. शहरी जाणकार त्याला नाके मुरडत. पण रिचार्जचे पैसे पुरवून वापरणाऱ्या विद्यार्थ्याची ही निवड अत्यंत शहाणपणाची होती. ‘अडाणी लोक काहीही वापरतात’ असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. २०१६च्या सप्टेंबरात जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि काटकसरीची निकड ओसरली. जून २०२०मध्ये सरकारने बंदी घातलेल्या ५९ चिनी अ‍ॅपमध्ये यूसी ब्राउझरही होता. मोकळ्या झालेल्या जागेत कोण आले? अँड्रॉइड फोनच्या डब्यातून जो आधीच घरात येऊन बसला होता तो क्रोम. चक्र पुरे फिरून जेथे होते तेथे आले. विंडोजचे काम अँड्रॉइडने केले.

यावर कोणी विचारील, ‘असू द्या की! क्रोम चांगला आहे, फुकट आहे, मग पोटात का दुखते?’ प्रश्न रास्त आहे. क्रोम वाईट आहे असे माझे म्हणणे नाहीच. पण २००१ साली एक्स्प्लोररची सहावी आवृत्तीही वाईट नव्हती. ती वाईट झाली ती जिंकल्यानंतर, कारण तिला चांगले राहण्याचे कारण उरले नाही. आज क्रोमकडे जगातला सुमारे दोन तृतीयांश वापर आहे आणि भारतात त्याहून बराच अधिक. शिवाय येथे एक गाठ अधिक आहे. त्याचा मालक जाहिराती विकणाऱ्या जगातल्या सर्वांत मोठ्या कंपन्यांपैकी एक आहे. पान उघडावे एकाचे आणि आपल्या मागावर राहण्यासाठी चिठ्ठी चिकटवून जावे तिसऱ्यानेच, अशी जी ‘थर्ड पार्टी कुकी’ची पद्धत आहे, ती सफारीने मार्च २०२०पासून पूर्ण बंद केली. फायरफॉक्सनेही २०१९पासून माहीतगार माग काढणाऱ्यांना अडवायला सुरुवात केली. गूगलने जानेवारी २०२०मध्ये दोन वर्षांची मुदत जाहीर केली, ती वारंवार पुढे ढकलली, जुलै २०२४मध्ये बेत मागे घेतला आणि एप्रिल २०२५मध्ये आहे तेच चालू राहील असे सांगितले. या बदलाने इतर जाहिरात कंपन्या चिरडल्या जातील, ही शंका ब्रिटनच्या स्पर्धा नियामकानेही घेतली होती, हे गूगलच्या बाजूने सांगितले पाहिजे. पण खिडकी बसवणाराच जेव्हा रस्त्यावरचा सर्वांत मोठा दुकानदार असतो, तेव्हा पडदा केव्हा ओढायचा हे तो एकट्या आपल्या हिताने ठरवू शकत नाही, एवढे तरी यातून दिसते.

बरे, पर्याय पुष्कळ आहेत असा भास होतो तोही तपासून घ्यावा. मायक्रोसॉफ्टचा ‘एज’ जानेवारी २०२०पासून, ऑपेरा २०१३पासून, शिवाय ‘ब्रेव्ह’, ‘विवाल्डी’ हे सारे क्रोमच्याच क्रोमियम या पायावर उभे आहेत. खानावळींच्या पाट्या निराळ्या, भटारखाना एक. केंद्र सरकारने स्वदेशी ब्राउझरसाठी घेतलेल्या स्पर्धेत मार्च २०२५मध्ये झोहो कंपनीला एक कोटींचे पहिले बक्षीस मिळाले. तिचा ‘उला’ ब्राउझरही याच पायावर आहे. त्याचे कौतुक जरूर करावे, पण स्वदेशी वाढपी म्हणजे स्वदेशी भटारखाना नव्हे. खरोखर वेगळी अशी दोनच मोठी इंजिने उरली आहेत, अ‍ॅपलचे वेबकिट आणि मोझिलाचे गेको. त्यातही मोझिलाच्या उत्पन्नाचा फार मोठा वाटा शोधयंत्राच्या करारापोटी गूगलकडूनच येतो.

मग सरकारांनी काही केले की नाही? केले. युरोपीय आयोगाने मायक्रोसॉफ्टला निवडीचा पडदा दाखवायला लावले. मार्च २०१०पासून विंडोज वापरणाऱ्यांसमोर एक्स्प्लोररसह अनेक ब्राउझर मांडले जाऊ लागले. पुढे मे २०११ ते जुलै २०१२ या काळात सुमारे दीड कोटी लोकांना तो पडदा दिसलाच नाही. ही तांत्रिक चूक असल्याचे कंपनीने सांगितले आणि आयोगाने मार्च २०१३मध्ये ५६ कोटी १० लाख युरोंचा दंड केला. आपल्या स्पर्धा आयोगानेही ऑक्टोबर २०२२मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. क्रोमसारखी अ‍ॅप फोनवर एकगठ्ठा लादण्याची पद्धत त्यात दोषी ठरली. अपील न्यायाधिकरणाने मार्च २०२३मध्ये दंड कायम ठेवला, काही आदेश मात्र रद्द केले. अमेरिकेत न्यायमूर्ती अमित मेहता यांनी ऑगस्ट २०२४मध्ये शोधाच्या बाजारात गूगलने बेकायदा मक्तेदारी राखल्याचा निकाल दिला. क्रोम विकायला लावावा ही सरकारची मागणी मात्र त्यांनी सप्टेंबर २०२५मध्ये नाकारली. एकाधिकाराचे करार करू नयेत असे बंधन घातले.

हे सारे आवश्यक आहे, पण न्यायालये नेहमीच उशिरा पोहोचतात. नेटस्केपला न्याय मिळाला तेव्हा नेटस्केप उरला नव्हता. म्हणून मला दोन साध्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली मागणी सरकारकडे. नागरिकांच्या पैशाने उभे राहिलेले प्रत्येक संकेतस्थळ कोणत्याही प्रचलित ब्राउझरमध्ये चालले पाहिजे, आणि ते चालत नसेल तर ती नागरिकाची नव्हे, कार्यालयाची चूक मानली पाहिजे. विशिष्ट कंपनीच्या पेनानेच अर्ज भरा असे कोणी सांगितले तर आपण ऐकून घेऊ काय?

दुसरी गोष्ट आपली आपण करायची. एका रविवारी अर्धा तास काढून दुसरा एखादा ब्राउझर, शक्य तर निराळ्या इंजिनाचा, उतरवून घ्यावा आणि आठवडाभर वापरून पाहावा. न आवडल्यास खुशाल जुन्याकडे परत जावे. कोणी सांगितले म्हणून क्रोम सोडण्यात काही पुरुषार्थ नाही. पण परत जाल तेव्हा ‘तोच होता’ हे उत्तर तुमच्यापुरते बाद झालेले असेल आणि तुमची पसंती प्रथमच तुमची असेल. घरातल्या वडीलधाऱ्यांना फोन सुरू करून देताना मुलांनी निदान एकदा विचारावे, ‘आजी, तुला यातले कोणते वापरायला सोपे जाते?’ तिचे उत्तर कोणतेही येवो. आजवर तिला हे कोणी विचारलेच नव्हते.